तक्त्यामागची माणसं

बी.एड.च्या वर्षी मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्हा प्रत्येकीला एक बुद्धिमापन चाचणी एका विद्यार्थ्यावर घेऊन तिचा अहवाल जर्नलमध्ये लिहायचा होता. माझ्या वाट्याला सहावीतला एक मुलगा आला. चौथीपर्यंत तो उर्दू शाळेत शिकला होता. वडिलांची बदली झाली, नव्या गावात जवळपास उर्दू शाळा नव्हती, म्हणून पाचवीत मराठी शाळेत नाव घातलेलं. घरी दखनी, शाळेत मराठी.

चाचणीत एक भाग अंक आणि चिन्हांचा होता. वर नमुना दिलेला : प्रत्येक अंकाखाली एक चिन्ह. खाली रिकाम्या चौकटींच्या ओळी. दिलेल्या वेळात अंक बघून जितकी चिन्हं भरता येतील तितकी भरायची. मी घड्याळ सुरू केलं आणि मुलाने ओळीच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली.

मी थांबवलं. म्हणाले, "डावीकडून."

त्याने मान वर करून विचारलं, "टीचर, इधर से नक्को?"

मला उर्दू येते, ती माझ्याच घरची भाषा. पण सूचना पुस्तिकेतल्या शब्दांतच द्यायच्या, हे आम्हाला बजावून सांगितलेलं होतं. मी पुन्हा मराठीतच म्हणाले, "डावीकडून." या सगळ्यात घड्याळ चालूच होतं. त्याने डावीकडून भरायला घेतलं, पण हात सारखा अडखळत होता. वेळ संपली. मी चिन्हं मोजली, पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवरचा तक्ता काढला, त्याच्या वयाच्या रकान्यात बोट फिरवलं आणि जर्नलमध्ये लाल शाईने लिहिलं : 'सामान्यापेक्षा कमी.' अहवालाला चांगले गुण मिळाले. तो तक्ता कोणत्या मुलांवरून तयार झाला, हे मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. पडला तेव्हा मी जुनी पुस्तकं चाळायला लागले, आणि लक्षात आलं की या एका प्रश्नाचा दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

आधी 'मानक' म्हणजे काय ते बघू. समजा, मी तुम्हाला सांगितलं की एका मुलाला चाचणीत २३ गुण मिळाले. यावरून तुम्हाला काही कळणार नाही. २३ जास्त की कमी? चाचणी सोपी होती की अवघड? पण त्याच वयाच्या शंभर मुलांनी तीच चाचणी दिली आणि त्यांतल्या साठ जणांना २३ पेक्षा कमी गुण मिळाले असं सांगितलं, तर २३ ला अर्थ येतो. ही जी 'इतर मुलं' आहेत, त्यांच्या गुणांचा व्यवस्थित मांडलेला तक्ता म्हणजे मानक. म्हणजे बुद्धिमापनात एका मुलाला फूटपट्टी लावली जात नसते, त्याला एका रांगेत उभं केलं जात असतं. मग रांगेत आधीपासून कोण उभं आहे, हे बघायला नको का?

ज्याचा डोळा, त्याचं मानक

इतिहासाची सुरुवात मी ग्रीनिच वेधशाळेपासून करते. १७९६ साली तिथले राजज्योतिषी नेव्हिल मास्केलिन यांनी आपला मदतनीस डेव्हिड किनेब्रुक याला कामावरून काढलं. काम असं होतं : दुर्बिणीतून ताऱ्याकडे बघायचं, तारा तारेची रेघ नेमका कधी ओलांडतो ते घड्याळाच्या ठोक्यांवरून ठरवायचं आणि वेळ नोंदवायची. डोळा, कान आणि हात तिघांनी एकत्र करायचं काम. आज आपण याला मनोकारक काम म्हणू. मदतनिसाच्या नोंदी मास्केलिन यांच्या नोंदींपेक्षा जवळजवळ ०.८ सेकंदाने उशिरा येत होत्या. समज देऊनही फरक मिटला नाही, तेव्हा नोकरी गेली.

इथे मानक कोणतं होतं? साहेबांचा डोळा. तो बरोबर असणार आणि मदतनीस चुकणार, हे गृहीतच होतं.

पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांच्या वाचनात ही हकिकत आली. १८२० च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या आणि इतर निष्णात निरीक्षकांच्या नोंदी शेजारी ठेवून तपासल्या. निघालं असं की कुणाच्याच वेळा एकमेकांशी जुळत नव्हत्या. प्रत्येक माणसाचा डोळा-कान-हात यांचा मेळ वेगळा, आणि या फरकात आळस किंवा निष्काळजीपणा नव्हता. खगोलशास्त्रज्ञांनी या फरकाला 'वैयक्तिक समीकरण' असं नाव दिलं. एका माणसाशी तुलना करून दुसऱ्याला चूक ठरवता येत नाही, त्यासाठी पुष्कळ माणसांची मोजणी लागते, हा धडा इथे मिळाला. किनेब्रुकला त्याचा उपयोग झाला नाही.

तीन पेन्सची रांग

पुष्कळ माणसं मोजण्याचं काम फ्रान्सिस गाल्टन यांनी मनावर घेतलं. १८८४ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन भरलं होतं. तिथे त्यांनी मापनाची प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स द्यायचे आणि आत जायचं. उंची, वजन, श्वासाची ताकद, मुठीची पकड, ठोशाचा जोर, नजरेची तीक्ष्णता अशी १७ मापं घेतली जात. ९,३३७ लोकांची मापं जमली. या आकड्यांवरून गाल्टन यांनी शतमकांचे तक्ते मांडले : तुमची पकड इतकी असेल, तर शंभरातले इतके लोक तुमच्या मागे आहेत. आज दहावी-बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांत आपण जे पर्सेंटाइल ऐकतो, त्याच्या घराण्यातला हा जुना तक्ता.

संख्या मोठी होती, यात शंका नाही. पण ही माणसं कोण? ज्यांना प्रदर्शनाला यायला सवड होती आणि मापं घेऊन बघायला वरचे तीन पेन्स होते, ती. जो मजूर त्या दिवशी गोदीत माल उचलत होता, त्याच्या मुठीची पकड तक्त्यात आलीच नाही. नमुना मोठा असला म्हणजे तो सगळ्यांचा असतोच असं नाही. जत्रेत आलेल्या लोकांवरून गावाचा अंदाज बांधला तर घरी राहिलेल्यांचा हिशेब सुटतो.

पॅरिस आणि ब्रुसेल्सची मुलं

बुद्धीची आजची चाचणी सुरू झाली पॅरिसमध्ये. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांच्या शिक्षणाची वेगळी सोय कशी करावी, यासाठी १९०४ साली फ्रेंच सरकारने आयोग नेमला. आल्फ्रेड बिने त्याचे सदस्य होते. १९०५ मध्ये बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी ३० प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. तिचा आधार सुमारे ५० मुलं. तीन, पाच, सात, नऊ आणि अकरा या वयांची, म्हणजे प्रत्येक वयाची दहा-दहा. १९०८ च्या आवृत्तीत मुलांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि प्रश्न वयानुसार लावले गेले. एखाद्या वयाच्या बहुतेक मुलांना जो प्रश्न सुटतो, तो त्या वयाचा प्रश्न. इथून 'मानसिक वय' ही कल्पना आली.

मग एक गंमत झाली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत बोलकी गोष्ट आहे. बिने यांची मुलं बहुतेक पॅरिसच्या गरीब वस्तीतल्या सरकारी शाळांतली होती. बेल्जियममध्ये डेक्रोली आणि देगाँ या अभ्यासकांनी हीच चाचणी ब्रुसेल्सच्या एका खासगी शाळेतल्या सुखवस्तू मुलांना दिली. ती मुलं पॅरिसच्या मानकांपेक्षा सुमारे दीड वर्ष पुढे निघाली. बेल्जियमची मुलं फ्रान्सच्या मुलांपेक्षा हुशार, असा निष्कर्ष कुणी काढू शकला असता. बिने यांनी तो काढला नाही. घरच्या परिस्थितीचा फरक त्यांनी ओळखला आणि तसं लिहिलं.

आपल्या मोजपट्टीची मर्यादा बिने जाणून होते. मागे पडलेल्या मुलाला मदत मिळावी म्हणून चाचणी आहे, त्याच्यावर कायमचा शिक्का मारण्यासाठी नाही, ही त्यांची भूमिका होती. १९११ मध्ये ते वारले. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची पद्धत सुचवली. पुढे त्या भागाकाराला शंभराने गुणलं गेलं आणि बुद्ध्यंक जन्माला आला. एक सुटसुटीत आकडा. पण त्यात ती पॅरिसची दोनशे मुलं दिसेनाशी झाली.

अमेरिकेतली मोठी रांग

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी बिने यांची चाचणी कॅलिफोर्नियाच्या मुलांना लावून बघितली. तिथे ती बसेना. लहान वयाचे प्रश्न फार सोपे पडत आणि मोठ्या वयाचे फार अवघड. मग त्यांनी प्रश्न इकडेतिकडे हलवले, नवे घातले, सुमारे हजार मुलांवर मानकं बसवली आणि १९१६ साली स्टॅनफर्ड-बिने चाचणी प्रसिद्ध केली. फ्रान्सचा तक्ता अमेरिकेत चालत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवून दिलं. पण परदेशात जन्मलेली मुलं त्यांनी नमुन्यात घेतली नाहीत. १९३७ च्या आवृत्तीसाठी ३,१८४ जण तपासले, तेही सगळे अमेरिकेत जन्मलेले गोरे. १९४९ साली डेव्हिड वेक्स्लर यांची मुलांसाठीची चाचणी आली. तिचा नमुना आखणीच्या दृष्टीने देखणा होता : पाच ते पंधरा या प्रत्येक वयाची १०० मुलं आणि १०० मुली, एकूण २,२००. पण तीही सगळी गोरी. या दोन्ही चाचण्यांच्या मानकांत कृष्णवर्णीय मुलं यायला १९७० चं दशक उजाडलं. तोवर त्यांची परीक्षा होत होती, पण रांगेत त्यांना जागा नव्हती.

याच काळातली आणखी एक गोष्ट माझ्या जर्नलशी थेट जोडलेली आहे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सैनिकांच्या चाचण्या घेण्यात आल्या. १७ लाखांहून अधिक माणसं तपासली गेली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांना 'अल्फा', न येणाऱ्यांना 'बीटा'. बीटामध्ये शब्द नव्हते, सूचना हातवाऱ्यांनी दिल्या जात. यात भाषेची अडचण उरली नाही असं वाटलं होतं. पण चित्रातलं काय राहिलं आहे ते ओळखा, या भागात टेनिसचं मैदान होतं ज्यात जाळी नाही, आणि ग्रामोफोन होता ज्याला कर्णा नाही. सिसिलीच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या शेतकऱ्याने टेनिसचं मैदान कुठे बघितलेलं असणार?

या आकड्यांवर कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेल्यांना कमी बुद्धीचं ठरवलं. जे लोक अमेरिकेत जास्त वर्षं राहिले त्यांचे गुण जास्त येत होते, हे त्यांच्याच तक्त्यांत दिसत होतं. तरी त्यांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. १९३० मध्ये मात्र त्यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले आणि वेगवेगळ्या भाषांत वाढलेल्या गटांची अशी तुलना टिकत नाही हे मान्य केलं. असा प्रामाणिकपणा थोडेच दाखवतात, म्हणून त्याची नोंद करायला हवी.

माझ्या जर्नलशी संबंध असा की अंकाखाली चिन्ह भरायचा तो भाग याच बीटा चाचणीत होता. तिथून तो वेक्स्लर यांच्या चाचण्यांत गेला आणि तिथून जगभर पसरला. हाताचा वेग, नजर आणि लक्ष यांची ती परीक्षा आहे. त्यात एकही शब्द वाचावा लागत नाही, त्यामुळे भाषेचा प्रश्नच येत नाही असं मलाही वाटत होतं. पण जो हात चार वर्षं तख्तीवर उजवीकडून डावीकडे चालला, तो डावीकडून उजवीकडे तितक्याच वेगाने चालेल, हे आपण न तपासता धरून चालतो.

लाहोर, धारवाड, नागपूर

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे नुसतं भाषांतर करून कुणी हात झटकले, असं नाही. भाषांतर म्हणजे मानकीकरण नव्हे, हे आपल्या जुन्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक होतं.

पहिला मोठा प्रयत्न लाहोरमध्ये सी. हर्बर्ट राइस यांनी केला. बिने यांच्या चाचणीचं त्यांनी हिंदुस्तानी रूप बनवलं, त्याला हाताने करायच्या कृतींची जोड दिली आणि पंजाबच्या मुलांवरून मानकं बसवली. त्यांचं पुस्तक १९२९ साली निघालं. माझ्या घरच्या बोलीच्या इतक्या जवळच्या भाषेत इतक्या लवकर हे काम झालं होतं, हे वाचून मला आनंद झाला. पण त्या पुस्तकाच्या शीर्षकातच पंजाबमधल्या काही जातिगटांच्या बुद्धीची तुलना असाही उल्लेख आहे. ब्रिगम तिकडे आपली चूक मान्य करायला येत होते, त्याच सुमाराला इकडे जातींची रांग लावून बघितली जात होती.

दुसरं नाव व्ही. व्ही. कामत यांचं. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने चाचणीची आवृत्ती तयार केली. तिची माहिती १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं पुस्तक आलं. मराठी मुलांची तुलना मराठी मुलांशी करायची सोय या माणसाने केली. आजही भारतातल्या अनेक केंद्रांत 'बिने-कामत' चाचणी वापरली जाते.

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात सी. एम. भाटिया यांनी कृतीवर आधारलेल्या पाच चाचण्यांचा संच बनवला : रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, खोक्यातल्या पट्ट्या सरकवत योग्य जागी नेणं, नक्षी काढणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं आणि तुकड्यांतून चित्र जुळवणं. त्यांचं पुस्तक १९५५ चं. त्यात एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. ११ ते १६ वयाच्या मुलांसाठी त्यांनी दोन तक्ते केले : एक शिकलेल्यांसाठी, एक न शिकलेल्यांसाठी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलाला शाळेत जाणाऱ्याच्या रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे, हे त्यांनी तक्त्यातच लिहून ठेवलं. मुली मात्र त्या तक्त्यात नाहीत.

आणि चौथं नाव आपल्या नागपूरचं. ए. जे. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूप १९६९ मध्ये तयार केलं. त्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांची सोय होती.

बाळ कधी चाललं?

ही झाली बुद्धीची गोष्ट. हातापायांच्या हालचालींची मानकंही याच वाटेने आली. अमेरिकेत येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी बाळ कधी बसतं, कधी उभं राहतं, कधी ठोकळा उचलतं याची बारकाईने नोंद केली. त्यांची बाळं बहुतेक न्यू हेवनच्या आसपासच्या मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबांतली. तरी वर्षानुवर्षं ते आकडे जगभरच्या बाळांना लावले गेले.

बडोद्याला प्रमिला फाटक यांनी इथल्या बाळांचा दीर्घकाळ अभ्यास करून भारतीय मानकं उभी केली. १९७० साली आलेल्या आणि १९९७ मध्ये सुधारलेल्या या मापनात जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ कसोट्या आहेत.

२००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ बाळांच्या अभ्यासातून हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. आपल्याकडची बाळं दक्षिण दिल्लीतली होती. निकाल मांडायची त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. बाळ अमुक महिन्यात चालतं, असा एक आकडा त्यांनी दिला नाही. खिडकी दिली : आधाराशिवाय चालण्यासाठी ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक बाळ नऊ महिन्यांत चाललं आणि शेजारचं सतराव्या महिन्यात, तरी दोघंही ठीक असू शकतात. शिवाय ४.३ टक्के बाळं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी पुढे चालली. "आमचं दहाव्या महिन्यात चाललं, तुमचं अजून नाही?" असं विचारणाऱ्या प्रत्येक बाईला हा तक्ता दाखवावा, असं मला फार वाटतं. अर्थात ही बाळंही निवडलेली होती : निरोगी, पोटभर अंगावरचं दूध मिळणारी, घरची स्थिती बरी असलेली. चांगली परिस्थिती मिळाली तर बाळ कसं वाढतं हे तो तक्ता सांगतो. सगळ्या बाळांना ती परिस्थिती मिळते, असं तो म्हणत नाही.

तक्ता शिळा होतो

नमुना नीट घेतला, भाषा बरोबर ठेवली, तरी एक गोष्ट उरते : काळ. न्यूझीलंडमध्ये काम करणारे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतले लोक बुद्धिमापनात जवळपास १४ गुणांनी वर सरकले. १९८७ मध्ये त्यांनी १४ देशांची अशीच आकडेवारी मांडली. माणसांचे मेंदू चाळीस-पन्नास वर्षांत बदलत नाहीत. शाळा, आहार, छापील कागदाची आणि चित्रांची सवय बदलते. परिणाम असा की जुन्या तक्त्याशी तुलना केली तर आजचं मूल जास्त हुशार दिसतं आणि नव्या तक्त्याशी केली तर कमी.

हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य झालं, त्यात बौद्धिक दिव्यांगत्व आहे. ४० टक्क्यांची रेघ ओलांडली तर अनेक सवलतींचं दार उघडतं. अशा वेळी तपासणीत वापरलेला तक्ता स्वातंत्र्यापूर्वीच्या मुलांवरून बनलेला असेल, तर ज्या मुलाला मदतीची खरी गरज आहे, त्याचा आकडा फुगून ते दाराबाहेर राहू शकतं. आणि भाषेची अडचण असेल तर उलट : धडधाकट बुद्धीच्या मुलाच्या कपाळी नको तो शिक्का बसतो. चूक दोन्ही बाजूंनी होते.

मग मानक विश्वासार्ह कशाने होतं? मी माझ्यासाठी ठरवलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, रांगेत सगळे हवेत : शहर आणि खेडं, मुलगे आणि मुली, वेगवेगळ्या घरच्या भाषा, वेगवेगळ्या शाळा, समाजात असतील त्या प्रमाणात.

दुसरी, प्रत्येक वयाची मुलं पुरेशी हवीत. गणित साधं आहे. गुणांचं प्रमाण विचलन १५ धरलं, तर दहा मुलांवरून काढलेल्या सरासरीत पावणेपाच गुणांची अनिश्चितता राहते. पन्नास मुलं घेतली तर ती दोनच्या आसपास येते, दोनशे घेतली तर एकवर. अनिश्चितता निम्मी करायची तर मुलं चौपट लागतात, म्हणून हे काम इतकं खर्चाचं आहे.

तिसरी, तीच चाचणी त्याच मुलाने काही दिवसांनी दिली तर निकाल साधारण तोच यायला हवा. ही विश्वसनीयता ०.९० इतकी चांगली असली, तरीही एका मुलाच्या आकड्यात सुमारे पाच गुणांची प्रमाण त्रुटी राहते. म्हणून ६८ हा आकडा एकटा लिहू नये. खऱ्या अर्थाने तो साधारण ५९ ते ७७ यांच्यामधला कुठलाही असू शकतो.

चौथी, तारीख. तक्ता कोणत्या साली बनला, हे औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखं बघायला हवं.

आता माझ्या त्या मुलाकडे परत येते. मी त्याला त्या दिवशी उर्दूत समजावलं असतं तर? तर तोही निकाल धरता आला नसता. कारण तक्ता मराठीतून दिलेल्या सूचनांवर बनला होता. सूचना बदलली की तक्ता लागू होत नाही, हा नियम चुकीचा नाही. तो पाळला म्हणून मी चुकले असं मला आजही वाटत नाही. चुकले ते पुढे. या मुलासाठी हा तक्ता नाही, असा शेरा लिहायला हवा होता. त्या एका ओळीने चाचणीचाही मान राहिला असता आणि मुलाचाही. मी लिहिलं 'सामान्यापेक्षा कमी', कारण जर्नलमध्ये तेवढीच जागा होती आणि शेऱ्यांच्या यादीत तेवढेच शब्द होते.

आज मी शिकवते त्या वर्गात अशी मुलं दर वर्षी येतात. कुणाचा तपासणी अहवाल हातात आला, तर आधी बघते की चाचणी कोणत्या भाषेत झाली, मानकं कोणत्या सालची आहेत आणि मूल त्या दिवशी कसं वागलं याची काही नोंद आहे का. बहुतेक वेळा आकडा असतो, बाकीचं नसतं. मग पालकांना शेजारी बसवून मी विचारते, घरी हा काय काय करतो? हिशेब करतो का, सायकल दुरुस्त करतो का, धाकट्या भावाला सांभाळतो का? ते माझ्या वहीत लिहून ठेवते. मानसशास्त्रज्ञाचं काम मी करत नाही, मला ते येतही नाही. पण मूल रोज माझ्यासमोर असतं, तक्ता करणाऱ्याला ते दिसलेलं नसतं.

ते जर्नल माझ्याकडे अजून आहे. लाल शाईतला शेरा मी खोडला नाही. मागच्या सुट्टीत कपाट आवरताना ते हाती लागलं, तेव्हा खाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली, जी त्याच दिवशी लिहायला हवी होती : 'मुलाने उजवीकडून सुरुवात केली होती. मी थांबवलं. घड्याळ थांबवलं नाही.'